दाद मागणारी विधवा आणि आरुशाचे न्यायासन

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील विधवेचा दाखला आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आपण तो बहुधा प्रार्थनेतील चिकाटीचा धडा म्हणून वाचतो, आणि लूकही त्याची प्रस्तावना तशीच करतो. परंतु भाषांतरासाठी हा दाखला हाती घेतला म्हणजे एक निराळीच अडचण उभी राहते. ती विधवा त्या न्यायाधीशापाशी नेमके काय मागते? मूळ ग्रीक क्रियापदात दोन अर्थ एकत्र नांदतात. अपराध्यास शासन करणे हा एक. आणि जिच्यावर अन्याय झाला तिची बाजू उचलून धरून तिचे जे गेले ते तिला मिळवून देणे हा दुसरा. मराठीत 'न्याय करणे' म्हटले की पहिला अर्थ पुढे सरसावतो आणि डोळ्यांपुढे आरोपीचा पिंजरा उभा राहतो. दुसऱ्या अर्थासाठी आपल्याकडे कोर्टकचेरीत रुळलेला एक जुना शब्द आहे, तो म्हणजे दाद. दाद मागतात, दाद लागते, किंवा लागत नाही. त्या विधवेला आपला प्रतिवादी बंदिशाळेत गेलेला हवा होता की नाही, हे दाखला सांगत नाही. तिला दाद हवी होती, एवढे मात्र निश्चित.

जुन्या करारातील इब्री क्रियापद 'शाफट' हेही असेच दुपदरी आहे. संदेष्टे राज्यकर्त्यांना अनाथांचा न्याय करावयास सांगतात, तेव्हा तेथे अनाथ हा आरोपी नसतो. न्याय 'त्याचा' करावयाचा म्हणजे त्याच्या वतीने करावयाचा.

हा शब्दार्थाचा काथ्याकूट एवढ्यासाठी केला की, गेल्या तीस वर्षांत जगाने युद्धग्रस्त देशांतील महापातकांसाठी जी आंतरराष्ट्रीय न्यायालये उभारली, त्यांची कहाणी या दोन अर्थांमधील अंतराची कहाणी आहे. पहिल्या अर्थाने त्या न्यायालयांनी पुष्कळ काही साधले. दुसऱ्या अर्थाने त्यांच्या दाराशी उभी असलेली विधवा बव्हंशी तेथेच उभी राहिली. हे कसे घडले ते आपण रुआंडा या देशाच्या उदाहरणावरून पाहू. या उदाहरणाशी ख्रिस्ती मंडळीचा संबंध टाळता येण्यासारखा नाही. तोही ओघाने पाहावा लागेल.

शंभर दिवस, आणि नंतरचे न्यायासन

रुआंडा हा मध्य आफ्रिकेतील डोंगराळ देश, क्षेत्रफळाने आपल्या केरळपेक्षाही लहान. तेथे ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडण्यात आले, आणि दुसऱ्या दिवसापासून तुत्सी जमातीचा व त्यांना पाठीशी घालणाऱ्या हुतूंचा पद्धतशीर संहार सुरू झाला. जुलैच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे शंभर दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे आठ लाख माणसे मारली गेली. रुआंडा सरकारचा आकडा दहा लाखांच्या वर जातो. मारणारे पुष्कळदा शेजारी होते, आणि हत्यार पुष्कळदा शेतातला कोयता होता.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ८ नोव्हेंबर १९९४ रोजी ठराव क्रमांक ९५५ अन्वये रुआंडासाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरण स्थापन केले. त्या वर्षी रुआंडा स्वतःच परिषदेचा सदस्य होता, आणि ठरावाविरुद्ध पडलेले एकमेव मत त्याचेच होते. देहदंडाची तरतूद नाही, केवळ १९९४ या एकाच वर्षातील गुन्हे विचारात घेतले जाणार, असे त्याचे आक्षेप होते. पुढे न्यायाधिकरणाचे ठाणेही रुआंडात नव्हे, तर शेजारच्या टांझानियातील आरुशा या शहरी ठरले. ज्यांच्यासाठी न्यायासन मांडले त्यांना ते पाहण्यास सरहद्द ओलांडून जावे लागे. तटस्थतेच्या दृष्टीने हे समर्थनीय असेलही. परंतु वेशीच्या आत बसून गाऱ्हाणी ऐकणारे न्यायाधीश आपण पवित्र शास्त्रात पाहतो, आणि त्यांच्यापेक्षा हे चित्र किती वेगळे आहे ते लक्षात यावे.

या न्यायाधिकरणाचे कार्य क्षुल्लक नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. ३१ डिसेंबर २०१५ रोजी ते बंद झाले तोवर त्याने ९३ जणांवर आरोप ठेवले होते, ६२ जणांना शिक्षा दिली होती आणि १४ जणांना निर्दोष ठरविले होते. शिक्षा झालेल्यांत माजी पंतप्रधान, मंत्री, सेनाधिकारी, नभोवाणीवरून विष पसरविणारे असे सर्व प्रकारचे लोक होते. वंशसंहाराच्या गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषी ठरविलेला जगातील पहिला मनुष्य याच न्यायाधिकरणापुढे उभा होता. ताबा या परगण्याचा प्रमुख झां-पॉल अकायेसू हा तो मनुष्य. निकालाची तारीख २ सप्टेंबर १९९८.

अकायेसूच्या खटल्यात एक गोष्ट घडली, ती विसरण्याजोगी नाही. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. खटला चालू असता एक स्त्री साक्ष देण्यास उभी राहिली. ती दुसऱ्याच गोष्टीविषयी बोलत होती, आणि बोलता बोलता आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर काय गुदरले ते सांगून गेली. त्या तीन न्यायाधीशांत एकच स्त्री होती: दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे भारतीय वंशाच्या तमिळ कुटुंबात जन्मलेल्या नवनीतम पिल्ले. न्यायासनावरून प्रश्न विचारले गेले, पुढे आणखी एका स्त्रीची साक्ष झाली, आणि जून १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त करण्यात आले. जमात नष्ट करण्याच्या हेतूने केलेला बलात्कार हाही वंशसंहाराचाच भाग होय, असे या निकालाने इतिहासात प्रथमच ठरविले. कायद्याच्या पुस्तकातले हे पाऊल एका अज्ञात आईच्या तोंडून निघालेल्या, कोणीही न विचारलेल्या वाक्यामुळे पडले.

पण त्या आईला त्या दिवशी न्यायालयात स्थान काय होते? ती साक्षीदार होती. तिला वकील नव्हता. आपले नुकसान मांडण्याचा अधिकार नव्हता. प्रश्नांची उत्तरे देऊन झाली की तिला परत पाठविले जाई.

साक्षीदार, आणि त्याहून अधिक काही नाही

हे न्यायाधिकरणाच्या घडणीतच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे चाललेले खटले हा त्याचा नमुना. तेथे बहुतांश भार कागदपत्रांवर होता. सोसलेल्या माणसांचे स्थान थोडके. १९८५ च्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने गुन्ह्यांमुळे पीडित झालेल्यांच्या न्यायासाठी मूलतत्त्वांची घोषणा केली होती, आणि तीत सन्मानाची वागणूक, माहिती, भरपाई व साहाय्य यांचा उच्चार होता; परंतु घोषणा ती घोषणाच. रुआंडाच्या न्यायाधिकरणाच्या नियमांत भरपाईविषयी एवढेच होते की, दोषी ठरल्याचा निकाल संबंधित देशाकडे पाठविला जाईल, आणि पीडिताने तो हाती घेऊन आपल्या देशातील कोर्टात दावा लावावा. रुआंडातील न्यायाधीश व वकील बहुतेक मारले गेले होते किंवा परागंदा झाले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या नियमाचे मोल कळते. २००० साली न्यायाधिकरणाच्या न्यायाधीशांनी या प्रश्नाचा विचार केला. तेव्हा अध्यक्षस्थानी पिल्ले होत्या. पीडितांना भरपाई मिळावयास हवी, परंतु ती देण्याचे काम या न्यायाधिकरणाचे नव्हे, त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी, असा अभिप्राय त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांकडे पाठविला. वेगळी व्यवस्था झाली नाही.

पुढच्या वर्षीची एक घटना रुआंडातील लोकांच्या मनात खोल रुतली आहे. बुतारे प्रांतातील आरोपींचा खटला चालू होता. या आरोपींत कुटुंब व महिला कल्याण खात्याची माजी मंत्री पौलिन न्यिरामासुहुको होती. स्त्रियांवर बलात्कार करण्यास उत्तेजन दिल्याचा आरोप तिच्यावर होता. ऑक्टोबर २००१ मध्ये एका अत्याचारित स्त्रीची उलटतपासणी बचावाच्या वकिलाने लांबविली, आणि त्याच्या विचित्र प्रश्नांवर न्यायाधीश हसले. ते वकिलाच्या गबाळेपणाला हसले, साक्षीदाराला नव्हे, असा खुलासा पुढे करण्यात आला. तो खराही असेल. परंतु साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या स्त्रीला हसण्याचे कारण दिसत नसते, हसू तेवढे ऐकू येते. जानेवारी २००२ मध्ये वाचलेल्यांच्या 'इबुका' व 'आवेगा' या संघटनांनी न्यायाधिकरणाशी सहकार्य थांबविले. यांपैकी 'आवेगा' ही वंशसंहारात विधवा झालेल्या स्त्रियांची संघटना आहे. दाखल्यातील विधवा येतच राहिली. या विधवांनी काही काळ येणे सोडले. न्यिरामासुहुको २०११ साली दोषी ठरली, वंशसंहारासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने शिक्षा दिलेली पहिली स्त्री म्हणून.

आणखी एका विसंगतीने त्या काळी पुष्कळांची मने व्यथित केली. आरुशाच्या कोठडीतील आरोपींना एड्सच्या विषाणूवरील औषधे संयुक्त राष्ट्रांच्या खर्चाने मिळत. संहारकाळात बलात्कारातून ज्या स्त्रियांना त्याच विषाणूची बाधा झाली होती, त्या साक्ष देऊन रुआंडाला परतत, आणि तेथे त्यांना अनेक वर्षे ती औषधे मिळत नसत. आरोपीला औषध मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. कोठडीतील माणसाच्या जिवाची जबाबदारी कोठडी चालविणाऱ्यावर असतेच. प्रश्न असा की, साक्षीदाराच्या जिवाची जबाबदारी कोणाच्याच यादीत का नव्हती?

मंडळीच्या दाराशी

रुआंडातील बहुसंख्य लोक १९९४ सालीही ख्रिस्ती होते. पूर्वीच्या दंगलींत चर्चमध्ये आश्रय घेतलेले लोक वाचले होते, म्हणून या वेळीही हजारो लोक चर्चकडे धावले. आणि या वेळी चर्चच कत्तलीची ठिकाणे झाली. न्यामाटा येथील चर्च आज स्मारक म्हणून जतन केले आहे. २०२३ साली ते अन्य तीन स्मारकांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. न्यांगे येथे सुमारे दीड हजार लोक आत असता चर्चची इमारत बुलडोझरने पाडण्यात आली. तेथील धर्मगुरू अथानाझ सेरोम्बा याला त्याबद्दल २००६ साली पंधरा वर्षांची आणि २००८ साली अपिलात जन्मठेपेची शिक्षा झाली. मुगोनेरो येथील ॲडव्हेंटिस्ट मंडळीच्या आवारात जमलेल्यांवर हल्ला झाला. त्या प्रकरणी मंडळीचा पाळक व विभागाचा अध्यक्ष एलिझाफान न्ताकिरुतिमाना २००३ साली दोषी ठरला आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. मरणाच्या दारी उभ्या असलेल्या तुत्सी पाळकांनी त्यालाच मदतीसाठी पत्र लिहिले होते. दुसऱ्या बाजूस, आश्रितांना सोडून जाण्यास नकार देऊन त्यांच्याबरोबर मरण पत्करणारे धर्मगुरू, भगिनी व साधे विश्वासू लोकही होते. त्यांचा विसर पडू नये. परंतु त्यांच्या साक्षीने पहिली गोष्ट झाकताही येत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये रुआंडातील कॅथॉलिक बिशपांनी, आणि मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी, मंडळी व तिच्या लोकांच्या पापांबद्दल क्षमायाचना केली. बावीस-तेवीस वर्षांनंतर.

येथे आपल्या अभ्यासाचा एक अवघड मुद्दा येतो. संहारानंतर मंडळ्यांमधून जो उपदेश झाला, त्यात क्षमा हा शब्द फार लवकर आणि फार मोठ्याने उच्चारला गेला, आणि तो बहुधा सोसलेल्यांना उद्देशून होता. क्षमा हे सुवार्तेचे हृदय आहे, यात शंका नाही. परंतु मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी अर्पण ठेवून समेटासाठी उठून जावयास प्रभू कोणाला सांगतो, ते पाहावे. ज्याच्याविरुद्ध भावाची काही तक्रार आहे, त्याला. म्हणजे चालत जाण्याचे कष्ट अपराध्याचे आहेत. आपण पुष्कळदा ते कष्ट विधवेला देतो, आणि ती जागची हलली नाही की तिला कठोर हृदयाची म्हणतो.

निर्गमाच्या एकविसाव्या व बाविसाव्या अध्यायांतील भरपाईचे नियम आपण रूक्ष म्हणून ओलांडून जातो. मारामारीत कोणी जखमी झाला तर मारणाऱ्याने त्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई करावी आणि तो पूर्ण बरा होईपर्यंत त्याचा उपचार करवावा, असे तेथे सांगितले आहे. हे आजच्या भाषेत 'पुनर्वसन' होय. या अध्यायांत 'भरून देणे' यासाठी पुन्हा पुन्हा येणारे इब्री क्रियापद 'शिल्लेम' आहे, आणि ते ज्या धातूपासून निघाले त्याच धातूपासून 'शालोम' हा शब्द आला आहे. मराठी भाषांतरात एके ठिकाणी 'भरपाई' आणि दुसऱ्या ठिकाणी 'शांती' येते. त्यामुळे हे नाते वाचकाला दिसत नाही, आणि दाखविण्यास सोयीचा शब्दही मराठीत नाही. धातू एक आहे म्हणून अर्थ एकच, असे मी म्हणत नाही. शब्दांच्या मुळांवर सिद्धान्त बांधण्याचा मोह भाषांतरकाराने आवरलेला बरा. तरीही जक्कयाच्या घरी काय घडले ते आठवावे. त्याने चौपट परत देण्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर प्रभूने त्या घराला तारण आल्याचे सांगितले.

गवतावरचे न्यायालय

आरुशात मूठभर बड्या आरोपींचे खटले चालू असता रुआंडाच्या तुरुंगांत सव्वा लाखाच्या आसपास माणसे कोंबलेली होती. नेहमीच्या कोर्टांनी त्यांचे खटले चालविले असते तर शतक पुरले नसते. तेव्हा सरकारने 'गाचाचा' ही जुनी ग्रामपद्धती नव्या रूपात आणली. गाचाचा म्हणजे गवत; गावकरी गवतावर बसून तंटे मिटवीत, त्यावरून हे नाव. गावोगावी सुमारे अडीच लाख सामान्य माणसे न्यायनिवाड्यासाठी निवडण्यात आली. सुमारे बारा हजार न्यायसभा होत्या. २००५ पासून त्या देशभर बसू लागल्या, आणि जून २०१२ मध्ये त्या बंद झाल्या तोवर सुमारे एकोणीस लाख प्रकरणे निकालात निघाली होती.

कायदेतज्ज्ञांनी या पद्धतीवर सडकून टीका केली, आणि ती निराधार नव्हती. आरोपीला वकील नसे. न्याय करणारे अप्रशिक्षित, काही ठिकाणी स्वतःच संशयित. साक्षीदारांना धमक्या येत, काहींचे खून झाले. विजयी पक्षाच्या सैन्याने केलेल्या हत्यांचा विचार तेथे होत नसे. अपराध कबूल करणाऱ्याला शिक्षेत सूट होती, म्हणून कबुली अंतःकरणाची की सोयीची हे सांगणे कठीण होई. गावापुढे क्षमा मागितली गेली म्हणजे गावापुढेच ती दिली पाहिजे, असा दाब वाचलेल्यांवर येई, हेही अनेक अभ्यासकांनी नोंदविले आहे.

आणि तरीही आरुशाला जे जमले नाही असे काही गवतावर घडले. आपल्या माणसाला कोठे मारले आणि कोठे पुरले, हे पुष्कळांना तेथे प्रथम कळले. अस्थी काढून रीतसर दफन करता आले. लुटीच्या गुन्ह्यांना तेथे तुरुंग नव्हता, भरपाई होती: नेलेली गाय, काढलेली कौले, तोडलेले पीक, यांचा हिशेब मांडला जाई. मोठ्या न्यायालयाला जी गोष्ट क्षुद्र वाटते तीच गरिबाच्या घरी मोठी असते. मात्र असे अनेक निवाडे कागदावरच राहिले, कारण देणारा घेणाऱ्याइतकाच दरिद्री होता. १९९८ साली सरकारने वाचलेल्यांसाठी एक साहाय्यनिधी उभारला आणि त्यातून शाळेची फी, दवाखाना, घरे यांची सोय झाली. हे मोठे काम होते. परंतु मदत आणि भरपाई यांत भेद आहे. मदत गरज पाहून दिली जाते, भरपाई हक्क म्हणून. मदतीसाठी हात पसरावा लागतो. वाचलेल्यांना व्यक्तिशः भरपाई देणारा कायदा अनेकदा चर्चिला गेला, पण संमत झाला नाही.

रोम येथील नवे कलम

रुआंडातील उणीव जगाने पाहिली होती. म्हणून १७ जुलै १९९८ रोजी रोम येथे कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करारनामा संमत झाला, तेव्हा त्यात तीन नव्या गोष्टी आल्या. अडुसष्टाव्या कलमाने पीडितांना आपले म्हणणे न्यायालयापुढे मांडण्याचा अधिकार दिला. पंचाहत्तराव्या कलमाने दोषी माणसाला भरपाईचा आदेश देण्याची शक्ती न्यायालयाला दिली. एकोणऐंशीव्या कलमाने पीडितांसाठी विश्वस्तनिधी निर्माण केला. ठरावाच्या बाजूने १२० देश होते, विरोधात ७, आणि २१ तटस्थ. या तटस्थांत भारत होता. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आणि अण्वस्त्रांचा गुन्ह्यांच्या यादीत नसलेला समावेश, हे भारताचे प्रमुख आक्षेप होते. भारत अद्याप या न्यायालयाचा सदस्य नाही. आपल्या देशाच्या कायद्यात मात्र २००८ च्या दुरुस्तीने 'पीडित' व्यक्तीची व्याख्या आणि राज्यांनी चालवावयाची भरपाई-योजना आली, आणि २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. जाता जाता शब्दाविषयी एक सूचना. वर्तमानपत्रे अशा मृतांना सर्रास 'बळी' म्हणतात. आपल्या पवित्र शास्त्रात बळी हा वेदीवर अर्पिला जातो, कोणाला तरी प्रसन्न करण्यासाठी. न्यांगेच्या चर्चमध्ये मेलेले लोक कोणाला अर्पण झालेले नव्हते. त्यांना मारण्यात आले, तसेच म्हणावे.

नव्या न्यायालयाचा पहिला निकाल १४ मार्च २०१२ रोजी लागला. काँगोच्या इतुरी प्रांतातील टोळीप्रमुख थॉमस लुबांगा हा पंधरा वर्षांखालील मुलांना सैन्यात भरती केल्याबद्दल दोषी ठरला. या खटल्यात १२९ पीडितांनी वकिलांमार्फत भाग घेतला. आरुशातील त्या आईच्या तुलनेत हे फार मोठे पाऊल होते. परंतु आरोपपत्र जेवढे, तेवढाच पीडितांचा वर्ग. लुबांगावर केवळ बालसैनिकांचा आरोप होता. म्हणून भरपाईस पात्र ठरली ती त्याच्या फौजेत ओढलेली मुले व त्यांची कुटुंबे. त्याच फौजेने ज्या गावांवर हल्ले केले, त्या गावांतील लोक न्यायालयाच्या दृष्टीने या खटल्यातील पीडितच नव्हते. फौजेतील मुलींवर झालेले अत्याचारही आरोपपत्रात नव्हते. अभियोक्त्याने टंचाईच्या काळात केलेली एक निवड, आणि तिच्यामुळे दाराच्या आत कोण व बाहेर कोण हे ठरून गेले. २०१७ च्या डिसेंबरात भरपाईची रक्कम एक कोटी डॉलर ठरली; लुबांगाजवळ देण्यास काहीही नव्हते.

बोगोरो या गावावरील २००३ च्या हल्ल्याबद्दल जर्मेन कटांगा दोषी ठरला, आणि मार्च २०१७ मध्ये २९७ पीडितांना प्रत्येकी २५० डॉलर देण्याचा आदेश झाला. शिवाय घर, शिक्षण, उपजीविका व मानसिक उपचार यांसाठी सामूहिक साहाय्य. २५० डॉलर हे प्रतीक आहे, नुकसानीचा हिशेब नव्हे, असे न्यायाधीशांनी स्पष्ट केले. रक्कम हास्यास्पद वाटेल. मला ती तशी वाटत नाही. हल्ल्यानंतर चौदा वर्षांनी एका न्यायालयाने एकेका माणसाचा अर्ज वेगळा वाचला, त्याचे घर, गुरे, मृत आप्त यांची नोंद घेतली, आणि 'हे तुमचे देणे आहे' असे म्हटले. यात दादेचा अंश आहे.

याउलट झां-पिएर बेंबा याचे प्रकरण. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील अत्याचारांबद्दल तो मार्च २०१६ मध्ये दोषी ठरला. खटल्यात पाच हजारांहून अधिक पीडित सहभागी होते. जून २०१८ मध्ये अपिलात तो सुटला, आणि त्याबरोबर भरपाईची वाटही बंद झाली. पुरावा अपुरा असेल तर आरोपी सुटलाच पाहिजे. निर्दोषाला शिक्षा करून विधवेला दाद मिळत नाही. परंतु त्या पाच हजारांवर अत्याचार झाले नाहीत, असे अपिलाच्या निकालाने म्हटले नव्हते. दोष कोणाचा हे ठरले नाही म्हणून जखम झालीच नाही, असे होत नाही. भरपाईला शिक्षेच्या दाव्याला बांधून ठेवल्याचा हा परिणाम.

सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण उत्तर युगांडातील डॉमिनिक ओंगवेन याचे. तो 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी' नामक बंडखोर सैन्याचा सेनाधिकारी. त्या सैन्याने देवाचे नाव आपल्या नावात घेतले होते, हे वाचताना आपण थांबावे. २०२१ च्या फेब्रुवारीत तो साठांहून अधिक गुन्ह्यांत दोषी ठरला आणि त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. परंतु ओंगवेनला स्वतःलाच त्या सैन्याने वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास, शाळेच्या वाटेवरून पळवून नेले होते. ज्या गुन्ह्यासाठी तो शिक्षा भोगतो, त्यांतील एक त्याच्यावरही घडला होता. न्यायाधीशांनी शिक्षा ठरविताना ही गोष्ट विचारात घेतली, पण अपराध पुसला नाही. पीडित आणि अपराधी हे दोन वेगळे मनुष्यवर्ग आहेत, या समजुतीला येथे तडा जातो.

ओंगवेनच्या प्रकरणात २८ फेब्रुवारी २०२४ रोजी भरपाईचा आदेश झाला. न्यायालयाच्या अंदाजे ४९,७७२ पीडित. प्रत्येकी ७५० युरो प्रतीकात्मक रक्कम, आणि सामूहिक पुनर्वसन. एकूण सुमारे सव्वापाच कोटी युरो. न्यायालयाच्या इतिहासातील हा तोवरचा सर्वांत मोठा आकडा. ओंगवेन निष्कांचन आहे. पैसा विश्वस्तनिधीने उभारावयाचा, आणि तो निधी मुख्यतः सदस्य-देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो. वृद्ध व आजारी यांना अग्रक्रम द्यावा असे आदेशात म्हटले आहे, कारण विलंबाचा अर्थ न्यायाधीशांनाही ठाऊक होता.

या निधीचे दुसरे एक काम आहे, त्याची वार्ता आपल्यापर्यंत क्वचितच येते. ज्यांचे हातपाय गेले त्यांना कृत्रिम अवयव, ज्यांचे ओठ वा कान कापले गेले त्यांच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया, अत्याचारित स्त्रियांसाठी समुपदेशन, अशी सेवा निधीतर्फे उत्तर युगांडात व काँगोत २००८ पासून सुरू झाली. पुढे बेंबा सुटल्यावर मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील पीडितांसाठीही याच मार्गाने कार्यक्रम आखण्यात आला. या सेवेसाठी आरोपपत्र लागत नाही, आणि कोणी दोषी ठरेपर्यंत थांबावे लागत नाही.